फायरमन झालात, अधिकारी कधी होणार?

गेल्या महिन्यात एका रविवारी माझा शाळेपासूनचा दोस्त घरी आला. आम्ही दोघं भोसरीतच वाढलो, एकाच बाकावर बसलो. मी इंजिनिअरिंगला गेलो, तो अग्निशमन दलात. यंदा त्याच्या नोकरीला अकरा वर्षं झाली. कोणत्या दलात ते लिहीत नाही, कारण त्याला अजून तिथेच नोकरी करायची आहे. हातात प्लास्टिकची फाईल होती. म्हणाला, "भाई, हे जरा बघ. तुला कागद कळतात."

फाईलमध्ये बढतीसाठीची तात्पुरती ज्येष्ठता यादी होती. त्याचं नाव होतं, पण नावापुढे शेरा होता: आवश्यक अभ्यासक्रम पूर्ण केल्याची नोंद नाही. गंमत म्हणजे त्याने तो अभ्यासक्रम केलेला आहे. दलानेच पाठवलं होतं. प्रमाणपत्र लॅमिनेट करून घरात अम्मीच्या कपाटात ठेवलंय. परत आल्यावर त्याने झेरॉक्स ऑफिसात नेऊन दिली, कोणाच्या तरी टेबलावर ठेवली, पोच घेतली नाही. सेवापुस्तकात नोंद झालीच नाही. चार वर्षं तो "आज ना उद्या नंबर लागेल" म्हणत राहिला. सेवापुस्तक एकदाही उघडून पाहिलं नाही.

मी त्याच्यावर चिडलो. मग रात्री स्वतःवर चिडलो. ते का, ते सांगतो.

आमच्या मोहल्ल्यात आम्ही काही जण भरती मार्गदर्शनाचा वर्ग चालवतो. पोलीस भरती, रेल्वे, सैन्य, अग्निशमन. २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने फायरमन रेस्क्यूअरच्या १५० जागांची जाहिरात काढली, तेव्हा आमच्याकडे पहाटे पाचला ग्राउंडवर पोरं पळत होती. आमच्या वर्गातला कोणी कुठेही लागला की आम्ही सत्कार करतो, शाल घालतो, फोटो ग्रुपवर टाकतो. आणि मग? मग काहीच नाही. त्याने पुढे काय केलं, कोणता कोर्स केला, कोणत्या परीक्षेला बसला, हे आम्ही एकालाही विचारलेलं नाही. आमच्या लेखी त्याचं काम झालं होतं. माझा दोस्त ज्या खड्ड्यात पडला, तो खणायला आम्हीही हातभार लावला आहे.

आधी शिडी समजून घेऊ, कारण आत असलेल्या अनेकांनाही ती नीट माहीत नसते. खाली फायरमन, म्हणजे अग्निशामक. त्यावर लीडिंग फायरमन. पुण्यात याला तांडेल म्हणतात. हा शब्द गलबतावरचा आहे, खलाशांचा म्होरक्या तो तांडेल. कोकणातून आलेल्या आपल्या घरांमध्ये तो आजोबांच्या तोंडी असेल. त्यानंतर उप अग्निशमन अधिकारी, अग्निशमन अधिकारी, सहायक विभागीय, विभागीय, उपमुख्य आणि सर्वांत वर मुख्य अग्निशमन अधिकारी. पदनामं दलागणिक थोडी बदलतात. तांडेलपर्यंत बरेच जण नुसत्या वर्षांच्या हिशेबाने पोचतात. त्याच्या वर मात्र दार आहे, आणि त्या दाराला सेवाप्रवेश नियमांचं कुलूप आहे: किती वर्षांची सेवा, कोणता अभ्यासक्रम, गोपनीय अहवाल कसे, विभागीय परीक्षा असेल तर ती.

अभ्यासक्रम कुठे होतात? मुंबईत सांताक्रूझला विद्यानगरीत राज्याचं अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे दहावीवर सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम आहे, आणि पदवीवर एक वर्षाचा उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंधक अधिकारी पाठ्यक्रम. नागपूरला केंद्रीय गृह मंत्रालयाचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. ते १९५६ मध्ये रामपूरला सुरू झालं आणि १९५७ मध्ये नागपूरला आलं. उपअधिकाऱ्यापासून विभागीय अधिकाऱ्यापर्यंतचे अभ्यासक्रम तिथे होतात, फायर इंजिनिअरिंगची पदवीही मिळते. म्हणजे ज्याच्याकडे पदवी आहे त्याने फायरमन म्हणून आत शिरून पंधरा वर्षं वाट बघायची गरज नाही, तो थेट अधिकाऱ्याच्या वाटेने जाऊ शकतो. आमच्या वर्गात बी.कॉम. झालेली पोरं दहावीच्या पात्रतेच्या जागेसाठी पळतात. त्यांना आम्ही हे सांगितलंच नव्हतं. वयाची अट कडक असते, म्हणून हे विसाव्या वर्षी कळायला हवं. अठ्ठाविसाव्या वर्षी कळून उपयोग नाही.

पण कोर्स आणि प्रमाणपत्र हा अर्धाच भाग. अधिकारी म्हणजे दोन पट्ट्या जास्त असलेला फायरमन, अशी आपली समजूत असते. ते काम मुळातच वेगळं आहे. कसं, ते समजायला १४ एप्रिलची गोष्ट पुरेशी आहे.

भोसरीत १४ एप्रिलला आपण सगळे बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत असतो. त्याच दिवशी सकाळी देशभरातल्या अग्निशमन केंद्रांवर मानवंदना होते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज उभं होतं. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटकं. दुपारी दोनच्या सुमारास आग लागल्याचं पक्कं कळलं. बंब आले, होज लागले, जवान जहाजावर चढून पाणी मारू लागले. धक्क्यावर अधिकारी कमी नव्हते. जहाजाचे होते, बंदराचे होते, लष्कराचे होते, अग्निशमन दलाचे होते. कोणी म्हणालं जहाज इथेच बुडवा, कोणी म्हणालं ओढून बाहेर समुद्रात न्या. सगळ्यांना मिळून हुकूम देईल असा एक माणूस तिथे नव्हता. दोन तास असेच गेले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. धैर्य त्या ६६ जणांकडे भरपूर होतं, पाणीही होतं. निर्णय नव्हता.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे रात्री दोनला फोन येतो: सर्व्हर पडला, पेमेंट अडकलं. पाच वर्षांपूर्वी एका कंपनीत आमच्या टीममधल्या सर्वांत हुशार पोराला लीड केलं. पहिल्याच मोठ्या बिघाडाच्या रात्री तो स्वतः कोडमध्ये घुसला. चार तास मान वर केली नाही. बाकीचे सात जण एकमेकांच्या पायात पाय घालत होते, दोघं तर एकमेकांचे बदल पुसत होते. बिघाड त्यानेच शोधला, पण तोपर्यंत सकाळ झाली होती. त्यानंतर आम्हाला शिकवलं गेलं की अशा वेळी एक जण इन्सिडेंट कमांडर असेल आणि तो कीबोर्डला हात लावणार नाही. तो फक्त विचारेल, ठरवेल, सांगेल आणि लिहून ठेवेल.

ही पद्धत मला आमच्या क्षेत्राचा शोध वाटायची. ती आलीय अग्निशमन दलांकडून. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे पेटले. १६ माणसं गेली, ७०० बांधकामं जळाली. चौकशीत निघालं की यंत्रणा पुष्कळ होत्या, पण एकमेकांची भाषा कळत नव्हती आणि कमांड कोणाची ते ठरलेलं नव्हतं. त्यातून पुढे इन्सिडेंट कमांड सिस्टिम तयार झाली. एक कमांडर, एका माणसाच्या हाताखाली साधारण पाच जण, सगळ्यांना कळतील असे ठरलेले शब्द. भारतातही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये अशाच घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. मी दोस्ताला विचारलं, वाचलीस का? तो हसला. "कोणी दिलीच नाहीत."

आता आपल्या शेजारचं उदाहरण. १ डिसेंबर २०१९, दापोडी. ड्रेनेजच्या कामासाठी खणलेल्या खोल खड्ड्यात एक मजूर मातीखाली अडकला. त्याला काढायला स्थानिक पोरं उतरली, तीही अडकली. पिंपरी-चिंचवडचे जवान आले, त्यांनी पोरांना बाहेर काढलं. मजुराला काढत असताना पुन्हा माती ढासळली आणि जवानच खाली गेले. त्या संध्याकाळी एक तरुण जवान आणि तो मजूर, दोघांचाही जीव गेला. तिथे कोण चुकलं हे ठरवायला मी बसलेलो नाही, मला तो अधिकारही नाही. मला फक्त त्या खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याचा विचार करायचा आहे. खाली जिवंत माणूस आहे. वर शेकडोंची गर्दी ओरडतेय, उतरा, उतरा. आणि त्याला सांगायचंय, थांबा, आधी बाजूंना टेकू लावा, गर्दी मागे हटवा, काठावरचा जेसीबी दूर न्या. आपल्याच पोरांना थांबवणं हे आत उडी मारण्यापेक्षा अवघड आहे. ते काम आयत्या वेळी सुचत नाही, त्याची सवय आधी लावावी लागते.

आणि अधिकारी झालं की माणूस आगीपासून लांब, सावलीत उभा राहतो असंही समजू नका. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली. इमारत कोसळली. त्यात मुंबई अग्निशमन दलाने चार जण गमावले. मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई. चौघेही अधिकारी होते.

मग तयारी कशाची करायची? गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात आगीच्या ठिकाणी निर्णय घेणाऱ्या कमांडरांचा अभ्यास केला. त्याला वाटलं होतं, ते निदान दोन पर्याय तोलून बघत असतील. तसं काही नव्हतं. अनुभवी माणूस बघताक्षणी ओळखतो की हे त्या अमुक आगीसारखं आहे, आणि पहिला सुचलेला मार्ग मनात चालवून बघतो. म्हणजे डोक्यात नमुन्यांचा साठा हवा. पण तो साठा नुसत्या वर्षांनी भरत नाही. अकरा वर्षं ब्रँच हातात धरून धुरात उभं राहिलेल्या माणसाने आग पुष्कळ पाहिलेली असते, ती एका पाइपाच्या टोकावरून. मागे कोणता बंब कुठे लावला, पाण्याचा टँकर कुठून आला, मागची जाळी कोणी कापली, हे त्याला दिसलेलं नसतं. म्हणून प्रत्येक वर्दीनंतर दहा मिनिटं वहीत लिहा. काय दिसलं, साहेबांनी पहिला हुकूम कोणता दिला, मी असतो तर काय केलं असतं, शेवटी काय झालं. वर्षाला पन्नास पानं झाली तरी पाच वर्षांत तुमच्याकडे असं पुस्तक होईल जे कोणत्याच कोर्समध्ये मिळत नाही.

आम्ही त्या रविवारी एक खेळ करून पाहिला. लॅपटॉपवर भोसरी एमआयडीसीचा नकाशा उघडला. मी म्हटलं, रात्री अकरा, एस ब्लॉक, पावडर कोटिंगचं शॉप, शेजारी थिनरचे ड्रम, आत तीन कामगार असल्याचं वॉचमन सांगतोय, तुझ्याकडे एक बंब आणि पाच जवान. बोल. त्याने पहिलं वाक्य टाकलं, "मी बीए सेट लावून आत जातो." मी म्हटलं, तू आत गेलास, मग बाहेर कोण? तो गप्प झाला. अर्ध्या तासाने आम्ही तिसऱ्यांदा तीच आग विझवत होतो, आणि तो बोलत होता: आधी इमारतीला चक्कर, वाऱ्याची दिशा, महावितरणला फोन, दुसरा बंब मागव, आत कोण गेलं आणि किती वाजता हे लिहायला एक माणूस. मला आगीतलं काही कळत नाही. प्रश्न विचारायला ते कळावं लागलंही नाही. असा खेळ चार जण चहाच्या टपरीवर बसूनही खेळू शकतात.

दुसरी तयारी कायद्याची. आपल्या पोरांचा यातच सगळ्यांत जास्त कंटाळा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा अधिकाऱ्याचा रोजचा कायदा आहे. इमारतीतली आग प्रतिबंधक यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक आणि भोगवटादाराची आहे, आणि ती चालू असल्याचं ब नमुन्यातलं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. त्याच्या जोडीला राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग. जिन्याची रुंदी किती, बाहेर पडायच्या वाटा किती, हे सगळं त्यात. आगीत माणसं वाचतात ती बहुतेक वेळा आग लागण्याआधी कोणीतरी नोटीस नीट लिहिली म्हणून. ऑगस्ट २०२३ मध्ये चिंचवडच्या पूर्णानगरमध्ये पहाटे दुकानाला आग लागली, आत झोपलेलं चार जणांचं कुटुंब गेलं. त्याच वर्षी ८ डिसेंबरला तळवड्यात केकवरच्या फुलबाजीच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्यात सहा बायका जागीच गेल्या, नंतर आकडा वाढत गेला. या दोन्ही ठिकाणी बंब पोचल्यावर करण्यासारखं फार थोडं उरलं होतं.

इथे मला कुदळवाडीबद्दल बोलायचं आहे. तिथली भंगाराची गोदामं बहुतांशी आपल्याच लोकांची होती. आगी वारंवार लागायच्या, डिसेंबर २०२४ मध्ये मोठी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो बांधकामं पाडली, आणि जी कारणं पुढे केली त्यात आगी आणि प्रदूषणही होतं. त्या कारवाईत किती न्याय होता यावर या मासिकात आधीच पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी एवढंच म्हणतो, की आधीच्या दहा वर्षांत त्या गल्ल्यांत शिरून, चहा पिऊन, त्यांच्या भाषेत "चाचा, प्लास्टिक आणि केमिकलचे ड्रम एकत्र ठेवू नका, ही बारा फुटांची वाट मोकळी ठेवा" असं सांगणारा, आणि नाही ऐकलं तर बेधडक नोटीस काढणारा अधिकारी आपल्यातला असता, तर निदान आगीचं कारण तरी कोणाच्या हाती आयतं लागलं नसतं. असा अधिकारी दुसऱ्या समाजातला असूनही हे करू शकतो, अनेक जण करतातही. पण जो तिथे वाढलाय त्याला कोणत्या पत्र्याच्या मागे काय आहे हे आधीपासून माहीत असतं.

आता तो प्रश्न, जो तुम्ही मनात कधीचा विचारताय. आपल्याला कोण बढती देणार? सच्चर समितीने २००६ मध्ये मांडलं, लोकसंख्येत मुस्लिम १३.४ टक्के, आयएएसमध्ये ३, आयपीएसमध्ये ४. भेदभाव नाही असं मी म्हणणार नाही, नाव ऐकून चेहरा बदलणारे मीही पाहिलेत. पण माझ्या दोस्ताचं नाव खाली गेलं ते त्याच्या नावामुळे नाही, न मागितलेल्या एका पोचेमुळे. भेदभाव झालाय की ढिसाळपणा, हे ओळखायलाही आधी आपले कागद पूर्ण लागतात. सेवाप्रवेश नियम मागून घ्या. सेवापुस्तक वर्षातून एकदा बघा. तात्पुरती ज्येष्ठता यादी लागली की हरकतीची मुदत किती ते पहिल्या दिवशी बघा. गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा असेल तर लेखी म्हणणं द्या. यादी दाखवत नसतील तर माहिती अधिकार कायदा २००५ पासून आहे. हे सगळं केल्यावरही डावललं, तर मग लढू, आणि तेव्हा हातात काहीतरी असेल.

बहिणींसाठीही. नागपूरच्या त्या महाविद्यालयात २००२ मध्ये हर्षिणी कान्हेकर या पहिल्या विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या आणि पुढे ओएनजीसीत अग्निशमन अधिकारी झाल्या. आमच्या वर्गात सध्या दोन मुली आहेत. एकीचे अब्बा म्हणतात, बंबावर मुलगी शोभत नाही. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मी त्यांना अधिकारी पाठ्यक्रमाची माहितीपुस्तिका नेऊन दिली आहे, उत्तर अजून आलेलं नाही.

आमच्या भोसरीच्या वर्गात आम्ही एक बदल केला आहे. महिन्यातला शेवटचा रविवार आता आधीच नोकरीत असलेल्यांसाठी. अग्निशमन, पोलीस, महापालिका, कोणीही. पहिला तास कागदांचा, दुसरा नकाशाचा, तिसरा लिहिण्याचा. घटनेचा अहवाल मराठीत एका पानात, वेळेसकट, विशेषणं न लावता. पहिल्या रविवारी सहा जण आले. एकाने सेवापुस्तकाची प्रत आणली होती. त्यात त्याची जन्मतारीखच चुकलेली निघाली.

दोस्ताचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहिला. सोबत प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत आणि दलाने कोर्सला पाठवल्याचा आदेश, तो कपाटात खालच्या कप्प्यात सापडला. हरकतीची मुदत संपायला तीन दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुपारी अर्ज दिला का विचारायला फोन केला, तर उचलला नाही, तो वर्दीवर होता. रात्री साडेनऊला फोटो आला. अर्जाच्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. खाली त्याने लिहिलं होतं, "भाई, पोच घेतली. रविवारी ती एस ब्लॉकची आग परत लावू."